क्रँक ग्राइंड करायचा की नवा टाकायचा? सोलापुरातले पस्तीस दिवस

२५ फेब्रुवारी २०२४, रविवार. तुळजापूरहून परत निघालो होतो. मी, आई आणि माझे वडील, म्हणजे नाना. घाट उतरताना एका वळणावर डॅशबोर्डवरचा लाल किटलीचा दिवा, म्हणजे इंजिन ऑइलचा इशारा, लागला आणि लगेच विझला. पुढच्या वळणावर पुन्हा तसंच. मी तो पाहिला. पाहून मनात म्हटलं, घरी गेल्यावर बघू. पुढचं सगळं त्या ‘घरी गेल्यावर बघू’तूनच निघालं, म्हणून ते आधी कबूल करून टाकते.

तामलवाडीचा टोलनाका जवळ आला तेव्हा इंजिनातून खट्खट सुरू झाली. अ‍ॅक्सिलरेटर दिला की जोरात, सोडला की जराशी कमी. नाना अडतीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात लूमवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. मागांच्या आवाजानं त्यांचे कान केव्हाच गेलेत. आमच्या घरातला टीव्ही शेजारचेही ऐकतात. पण ते एकदम सावध झाले, तळव्यानं गाडीची फरशी दाबून धरली आणि म्हणाले, “थांबव. खाली शाफ्ट बोलायलाय.”

इंजिन बंद करून दहा मिनिटांनी ऑइलची पातळी बघायची पट्टी, डिपस्टिक, काढली. टोकाला जेमतेम थेंब. दिवा वळणावरच का लागत होता ते तेव्हा कळलं. ऑइल इतकं कमी होतं की गाडी कलली की इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधलं ऑइल एका कडेला जायचं आणि पंप नुसती हवा ओढायचा. तेवढे दोन-तीन सेकंद क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनातला मुख्य शाफ्ट) आणि तो ज्यात फिरतो ती बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा थर नाही. उतारावर अशी दहा-बारा वळणं मी आरामात घेतली होती. शेवटचं ऑइल कधी बदललं ते घरी येऊन पाहिलं, तर १७ हजार किलोमीटर झाले होते, आणि मध्ये एकदाही डिपस्टिक बघितली नव्हती. जुनं इंजिन थोडं थोडं ऑइल पितं, हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि बॉनेट उघडणं यात बरंच अंतर असतं.

क्रेनवाल्यानं सोलापूरपर्यंत २,५०० रुपये घेतले. रात्री विमा कंपनीला फोन केला. साध्या पॉलिसीत अपघात येतो. झीज आणि यांत्रिक बिघाड येत नाहीत, आणि इंजिनाचं जादा संरक्षण मी घेतलेलं नव्हतं. चार मिनिटांत तो विषय संपला.

गाडी पेट्रोलवरची, चार सिलिंडरची, जून २०१२ ची. मी अक्कलकोटच्या बाजूला एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते, जायला २८ किलोमीटर, यायला तेवढेच. त्या महिन्यात एसटीनं गेले. २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खिशाला झळ बसली नाही. पण पहाटे साडेपाचला उठून स्टँड गाठायचा आणि परतीला फाट्यावर उन्हात उभं राहायचं, हे पाच आठवडे चाललं.

सोमवारी आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी गाडी फक्त अर्धा मिनिट चालू केली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकला लावून मूठ कानाशी धरली. मग एकेका सिलिंडरच्या कॉइलचं कनेक्शन काढून पाहिलं. तीन नंबरचं काढल्यावर ठोका निम्म्यानं कमी झाला. त्या सिलिंडरचा स्फोट बंद झाला की त्याच्या रॉडवरचा, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्यावरचा, दाब जातो, म्हणून आवाज बसतो. “तीन नंबरचा बिगएंड,” मिस्त्री म्हणाले, म्हणजे रॉडचं क्रँकला धरणारं टोक. ते हे नानांना सांगत होते. गॅरेजमध्ये मी पैसे देणारी आणि नाना ऐकणारे, अशी वाटणी आपोआप होते. नानांनी कानावर हात ठेवून दाखवला. “मला ऐकू येत नाही. गाडी तिची आहे, तिला सांगा.” त्यानंतर मिस्त्री माझ्याशी बोलायला लागले, आणि खरं सांगते, छान समजावून सांगायचे.

अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोटो आणि चासी नंबर पाठवून अंदाज मागवला. त्यांनी क्रँक वेगळा बसवण्याचा विषयच काढला नाही. थेट हाफ इंजिन, म्हणजे ब्लॉक, क्रँक, पिस्टन सगळं एकत्र, ९२ हजार, मजुरी वेगळी. इथे एक कागदोपत्री गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. ब्लॉक बदलला की नंबर बदलतो, आणि मग १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. नुसता क्रँक बदलला तर आरसीला हात लागत नाही. सेकंडहँड इंजिन स्वस्तात मिळतंय म्हणून टाकायचं ठरवलं, तर ते कुठल्या गाडीचं, त्याचे कागद काय, हे सगळं तुमच्या गळ्यात येतं. ओळखीतल्या एकानं ४५ हजारांत देऊ केलं होतं. कागदांचं विचारल्यावर त्यानं पुन्हा फोन केला नाही.

दुसरा हिशोब आरसीच्या मुदतीचा. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, म्हणजे माझी जून २०२७ पर्यंत. त्यानंतर गाडीची तपासणी, नूतनीकरणाचे ५ हजार, वर पर्यावरण कर. गाडी विकायची म्हटलं तर बिघाड नसताना दीड-पावणेदोन लाख आले असते; अशा अवस्थेत भंगाराच्या आसपास. म्हणजे तीन वर्षं चालेल असं काम, आणि खर्च शक्यतो पन्नास हजारांच्या आत, एवढं एका वहीत लिहून ठेवलं. पन्नासची मर्यादा पाळली गेली नाही, ते पुढे येईलच.

२ मार्चला, शनिवारी, इंजिन खाली उतरलं. चेंबर उघडला तेव्हा मी शाळा सुटल्यावर तिथेच होते. तळाशी काळा चिकट गाळ, त्यात चमचमणारी पूड. तीन नंबरच्या रॉडची टोपी काढली आणि बेअरिंगच्या दोन अर्ध्या वाट्या हातात आल्या. वरचा करडा थर गेलेला, खालचं तांबं उघडं पडलेलं, एक वाटी कडेनं लाटल्यासारखी पसरलेली. बाकी तीन रॉडची बेअरिंग नुसती घासलेली होती.

ज्यांनी क्रँक कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं. चार सिलिंडरच्या क्रँकला नऊ गोल, गुळगुळीत जागा असतात. पाच मेन, ज्यांवर क्रँक ब्लॉकमध्ये फिरतो; आणि चार पिना, ज्यांना रॉड धरतात. या नऊही जागी क्रँक बेअरिंगला टेकत नाही, ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. मला हे नानांनी लूमवरून समजावलं. “मागालाही क्रँक असतोच की. तिथं मोटर क्रँकला फिरवते आणि क्रँक फणीला मागं-पुढं नेतो. तुझ्या गाडीत उलटं, पिस्टन मागं-पुढं होतो आणि क्रँक फिरतो.” मागाचा खालचा शाफ्ट क्रँकच्या निम्म्या फेऱ्या घेतो, इंजिनातला कॅमशाफ्टही तसाच निम्म्या. हे कळल्यावर नाना इतके खूश झाले की मिस्त्रींच्या पोरालाही त्यांनी ते दोनदा सांगितलं.

झिजलेल्या क्रँकचं सोलापुरात पहिलं उत्तर एकच मिळतं: ग्राइंडिंगला द्या. पिन मशीनच्या फिरत्या दगडावर घासून गोल आणि गुळगुळीत करायची, जेवढी बारीक झाली तेवढं जाड बेअरिंग टाकायचं. पायऱ्या ठरलेल्या असतात. पहिली ०.२५ मिलिमीटर, जिला जुने लोक दहा थाव म्हणतात (थाव म्हणजे इंचाचा हजारावा भाग). मग ०.५०, म्हणजे वीस. ट्रॅक्टरच्या क्रँकला तीस-चाळीसपर्यंत जातात. आपल्याकडे उसाच्या हंगामात ट्रॅक्टर बंद पडला की ग्राइंडिंगवाल्यांकडे क्रँकची रांग असते, आणि मार्चच्या सुरुवातीला ती रांग संपलेली नव्हती.

४ मार्चला पहिल्या लेथवाल्याकडे गेलो. त्यानं क्रँक टेबलावर ठेवला, तीन नंबरच्या पिनेवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाला, “पन्नास मारून टाकू, ०.५०. परवा न्या. अठ्ठावीसशे.” मी जवळजवळ हो म्हणाले होते. रक्कम माझ्या मर्यादेत होती आणि ‘परवा’ हा शब्द फार गोड होता. नानांनी विचारलं, “माप घेतलं का?” तो म्हणाला, “रोजचं काम आहे काका.” मग नानांनी दुसरं विचारलं, “पन्नासचं बेअरिंग मिळतंय का या गाडीचं?” उत्तर आलं, “मिळून जातं.”

नानांनी क्रँक उचलून गोणपाटात गुंडाळला. बाहेर आल्यावर म्हणाले, “आधी बेअरिंग हातात, मग दगड. घासलेलं परत येत नाही.”

हा नियम सोन्यासारखा आहे. मी पुढचे चार दिवस शाळेतून आल्यावर स्पेअर पार्टच्या दुकानांत पन्नासचं बेअरिंग शोधत फिरले. नवी पेठेपासून जुन्या पुणे नाक्यापर्यंत कुणाकडेच नव्हतं. पुण्याच्या एका होलसेलवाल्यानं फोनवर स्पष्ट सांगितलं की या इंजिनाला स्टँडर्ड आणि ०.२५ एवढीच दोन मापं येतात, पन्नास कधी आलंच नाही. म्हणजे त्या लेथवाल्याकडे क्रँक टाकला असता तर तो ०.५० वर घासून हातात आला असता आणि त्याला जगात कुठेच बेअरिंग नसतं. ८ मार्चला महाशिवरात्र, दुकानं बंद, सिद्धेश्वरला गर्दी. आई गेली, मी घरी बसून पार्ट नंबर लिहून काढले.

९ तारखेला एका दुकानात ०.२५ चा एक सेट मिळाला, मेन आणि बिगएंड दोन्ही, २,३५० रुपये. शेवटचाच आहे म्हणाले. मी घेतला. बेअरिंगच्या वाटीच्या पाठीवर माप ठोकलेलं असतं, स्टँडर्डला एसटीडी आणि पुढच्याला ०.२५; ते बघायला मी पाकीट तिथेच फोडलं. या फोडण्याची आठवण ठेवा.

११ मार्चला, सोमवारी अर्धी रजा टाकून, एमआयडीसीतल्या दुसऱ्या वर्कशॉपमध्ये गेलो. मिस्त्रींनीच पत्ता दिला. तिथले चाचा साठीच्या पुढचे, डोळ्यांवर जाड चष्मा. त्यांनी आधी क्रँक रॉकेलनं धुतला. दोरीला अडकवून लोंबकळत ठेवला आणि हातोडीनं हलकेच टोला दिला. घंटेसारखा लांब आवाज आला. तडा असला तर आवाज बसका येतो. मग रॉकेल पुसून खडूची पूड लावली. तडा असता तर आत मुरलेलं रॉकेल खडूवर रेघ होऊन उमटलं असतं. उमटलं नाही. मोठ्या शहरात ही तपासणी चुंबकावर करतात, आणि तीच जास्त खात्रीची, असं त्यांनी स्वतःच सांगितलं.

मग मायक्रोमीटर. प्रत्येक जागेची चार मापं: उभं आणि आडवं, डाव्या कडेला आणि उजव्या कडेला. उभ्या-आडव्यात फरक आला तर पिन अंडाकार झाली, डाव्या-उजव्यात आला तर निमुळती. नऊ जागांची छत्तीस मापं. चाचा बोलायचे, मी वहीत लिहायचे, नाना माझ्या खांद्यावरून वाचायचे. पाचही मेन चांगले, फक्त पॉलिश. एक, दोन, चार नंबरच्या पिना ४१.९८ आणि ४१.९९. मूळ माप ४२. आणि तीन नंबर: एका बाजूनं ४१.९१, दुसऱ्या बाजूनं ४१.८३.

मला वाटलं, ०.२५ घासलं की पिन ४१.७५ होणार, आणि ४१.८३ त्याहून मोठंच आहे, म्हणजे जमलं. सेटही घरात आहे. मी मनात गाडी चालवायलाही लागले होते.

चाचांनी टोकदार डायल लावून पिनेवरची सगळ्यात खोल चर मोजली. आठ शतांश मिलिमीटर. “मॅडम, चर एका बाजूला आहे, पण दगड चारी बाजूनं खातो,” ते म्हणाले. म्हणजे चर पुसायला व्यासातून ०.०८ नाही, दुप्पट, ०.१६ जाणार. ४१.८३ मधून ०.१६ गेले की ४१.६७. ०.२५ ची पायरी ४१.७५ ला संपते. पिन त्या मापावर आणली तरी चर दिसणारच, आणि चरेवर नवं बेअरिंग किती टिकणार?

आठ पिना-मेन चांगले आणि एका पिनेत आठ शतांश कमी पडतात. केसाची जाडी याच्या आसपास असते. माझा सगळा प्रश्न त्या एका केसाएवढा होता.

“पिन भरून घेता येते का?” नानांनी विचारलं. वेल्डिंगनं धातू चढवून पिन पुन्हा मापावर आणतात, ट्रॅक्टरला सर्रास करतात. चाचांच्याच भिंतीला तसे दोन क्रँक टेकून ठेवले होते. पण ते म्हणाले, “हा बिडाचा आहे. तापला की वाकतो, आणि पिनेच्या कोपऱ्यातली गोलाई गेली की तिथूनच तुटतो. ट्रॅक्टर हळू फिरतो. ही मिनिटाला पाच हजार फेऱ्यांनी फिरणार. मी करून देईन, पैसे घेईन, पण करू नका.” मोजणीचे त्यांनी ३०० रुपये घेतले. पस्तीस दिवसांत मी खर्चलेल्या पैशांतले हे सगळ्यात कारणी लागलेले.

त्या रात्री जेवताना कुणी फारसं बोललं नाही. मला रडू आलं नाही, पण राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना, कारण दिवा मीच पाहिला होता. आईनं शेंगाचटणीची वाटी पुढे सरकवली आणि म्हणाली, “पिक्चरमध्ये तरी दोन तासात संपतं सगळं.”

दुसऱ्या दिवशी रमजान सुरू झाला. चाचांचं वर्कशॉप महिनाभर दुपारी चारला बंद होऊ लागलं आणि माझी शाळा सुटायची वेळ त्याला जुळेना. पुढची दोन कामं नानांनी एकट्यानं जाऊन केली.

नवा क्रँक विचारला तर १८,७००. त्याआधी एक मोह झाला. आतेभावानं पुण्यातून जुना क्रँक मिळवून दिला, अपघातातल्या गाडीचा, ६,५०० रुपयांत, स्टँडर्ड मापाचा. ट्रॅव्हल्सच्या पार्सलनं १४ तारखेला आला. दिसायला आरशासारखा. १५ ला चाचांनी मापं घेतली, नऊही जागा एक नंबर. मग दोन टोकं व्ही-ब्लॉकवर ठेवून मधल्या मेनवर डायल लावला आणि क्रँक हातानं फिरवला. काटा अकरा शतांश हलला. त्यांच्या हिशोबानं पाच-सहाच्या वर नको. अपघातात वाकला असेल, किंवा महिनोन्‌महिने आडवा टाकून ठेवल्यानं. क्रँक नेहमी उभा ठेवावा किंवा टांगावा, हेही तेव्हाच कळलं. आमचाच आठवडाभर पलंगाखाली आडवा पडला होता. विकणाऱ्यानं परत घेतला, पण हजार रुपये कापले, आणि जाण्या-येण्याचं पार्सल ५०० चं. जुना क्रँक घ्यायचाच असेल तर माप आणि वाक दोन्ही बघून घेईन, नसेल तर परत, असं पैसे द्यायच्या आधी ठरवून घ्या. आम्ही ठरवलं होतं म्हणून पाच हजार वाचले.

१६ मार्चला, शनिवारी, नव्याची ऑर्डर दिली. पाच हजार ॲडव्हान्स. त्याच दिवशी लोकसभेच्या तारखा जाहीर झाल्या, आणि आम्हा शिक्षकांचे फोन निवडणुकीच्या ड्युटीच्या चर्चेनं वाजायला लागले. सोलापूरचं मतदान ७ मे ला होतं. गाडी तोवर तरी येईल ना, असं एका सहकारी बाईंनी विचारलं तेव्हा मी हसले, पण आतून खात्री नव्हती. दुकानदार म्हणाला होता पाच दिवस. होळी, धुळवड आणि मार्चअखेर मिळून अकरा झाले.

ग्राइंडिंग जमलं असतं तर मजुरीचे २,८०० आणि घरात पडलेला २,३५० चा सेट, एवढ्यात काम झालं असतं, एकूण ५,१५०. नव्या क्रँकला १८,७०० आणि स्टँडर्ड बेअरिंग, थ्रस्ट वॉशर धरून ३,१५०, एकूण २१,८५०. फरक १६,७०० चा. हा फरक तीन वर्षांवर पसरला तर महिन्याला साडेचारशे-पावणेपाचशे पडतो, असं मी वहीत मांडून स्वतःची समजूत घातली. पिनेची चर अर्धी असती तर मी डोळे झाकून ग्राइंडिंग केलं असतं. चांगल्या हातानं, चांगल्या मापानं घासलेल्या क्रँकवर गाड्या वर्षानुवर्षं चालतात. ग्राइंडिंग म्हणजे जुगाड असं मला अजिबात म्हणायचं नाही.

२७ मार्चला क्रँक आला. खोक्यावरचा पार्ट नंबर जुन्याशी जुळवला, जीएसटीचं पक्कं बिल घेतलं. बिल नसेल तर वॉरंटी फक्त बोलण्यापुरती. नाना तो नवाकोरा क्रँकही चाचांकडे मोजायला घेऊन गेले. दुकानदाराला ते आवडलं नाही. माप बरोबर निघालं आणि चाचांनी पैसे घेतले नाहीत.

बसवताना तीन गोष्टी निघाल्या, ज्या माझ्या अंदाजात नव्हत्या. तीन नंबरचा रॉड तापून निळसर पडला होता, त्याचा डोळा, म्हणजे पिनेवर बसणारं भोक, गोल राहिला नव्हता. नवा रॉड आणि सगळे नवे बोल्ट ३,४००. ऑइल पंपाची जाळी गाळानं अर्धी बुजलेली. पंप आणि जाळी ४,२००. म्हणजे ऑइल फक्त कमी नव्हतं, जे होतं तेही नीट चढत नव्हतं. हे न बघता नुसता क्रँक टाकला असता तर तोही काही महिन्यांत गेला असता. आणि इंजिन उघडलंच आहे तर पिस्टनच्या रिंगा आणि होनिंग (सिलिंडर आतून हलकं घासणं) करून घ्या, असं मिस्त्री म्हणाले, ते ३,७००. या शेवटच्याबद्दल मला अजूनही शंका आहे, पण गाडी ऑइल प्यायची ती आता पीत नाही, त्यामुळे गप्प बसते. ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटा डिझेल आणि हवेच्या प्रेशरनं साफ करून घेतल्या. त्यातून निघालेली पूड मिस्त्रींच्या पोरानं मला पांढऱ्या कपड्यावर धरून दाखवली.

मग टॉर्क रेंचवरून, म्हणजे बोल्ट ठरलेल्या जोरानं आवळायच्या पान्यावरून, भांडण झालं. मिस्त्री बोल्ट हाताच्या अंदाजानं आवळायला लागले. नाना म्हणाले, रेंच लावा. मिस्त्री म्हणाले, पंचवीस वर्षं हातानंच करतोय. नानांना ते ऐकू आलं नाही, किंवा तसं दाखवलं, आणि त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मिस्त्री पाना ठेवून चहाला गेले ते दोन तास आलेच नाहीत. मी दोघांच्या मध्ये. शेवटी मी मिस्त्रींना फोन करून म्हटलं, “भाऊ, तुमच्या हातावर शंका नाही. पण १८ हजारांचा क्रँक आहे, माझी झोप उडालीये, माझ्यासाठी लावा.” रेंच चाचांकडून आणला. आणि एक गोष्ट कबूल करायला हवी: हातानं आवळलेले बोल्ट रेंचनं पाहिले तर बहुतेक बरोबर निघाले. दोन सोडून.

शेवटचं आवळायच्या आधी प्लास्टिगेजची मऊ, बारीक काडी बेअरिंगमध्ये ठेवून, एकदा आवळून, उघडून गॅप तपासला. काडी किती चपटी झाली त्यावरून कळतं. तीन ते चार शतांश, सगळीकडे. क्रँक हातानं फिरवून पाहिला तेव्हा मिस्त्रींनी मलाही फिरवायला दिला. लोण्यात फिरल्यासारखा गेला.

३१ मार्च, रविवार, संध्याकाळचे पाच, ऊन अजून चटके देत होतं. आधी फ्युएल पंपाचा फ्यूज काढला आणि नुसता सेल्फ मारला, दहा-दहा सेकंद, मध्ये थांबून. इंजिन लगेच चालू होऊ नये आणि ऑइल आधी सगळीकडे चढावं म्हणून. पहिल्या वेळी किटलीचा दिवा तसाच. दुसऱ्या वेळी तसाच. तिसऱ्या वेळी विझला. मी इतका वेळ त्या दिव्याकडे कधी टक लावून पाहिलं नव्हतं. मग फ्यूज लावून गाडी चालू केली. नानांनी बॉनेटवर तळहात ठेवला, डोळे मिटले, मिनिटभर तसेच उभे राहिले आणि म्हणाले, “चालतंय.”

पहिले ५०० किलोमीटर साठच्या आत, एकाच वेगानं फार वेळ नाही, चढाला गिअर खाली घेऊन, भरलेली गाडी नाही. मग ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदललं, १,९००. त्या ऑइलमध्ये थोडी बारीक चमक होती, ती पहिल्यांदा असतेच म्हणाले. हजारनंतर नेहमीसारखी. ७ मे च्या ड्युटीच्या वेळी गाडी होती, साहित्य घ्यायला पहाटे तीच नेली.

हिशोब. क्रेन आणि इंजिन उतरवण्या-बसवण्याची मजुरी ११ हजार धरून १३,५००. गॅस्केट किट आणि सील ३,६००, ऑइल-फिल्टर-कूलंट २,९००, वर लिहिलेलं बाकी सगळं धरून एकूण ५९,२००. वहीत लिहिलेल्या पन्नासच्या पुढे नऊ हजार गेले. त्यात ३,८५० निव्वळ वाया: वाकलेल्या क्रँकच्या नादात १,५०० आणि ०.२५ चा तो सेट २,३५०. ‘आधी बेअरिंग’ हा नानांचा नियम बरोबरच होता, पण त्याच्याही आधी माप घ्यायला हवं होतं. आम्ही ११ तारखेला मोजलं आणि ९ ला विकत घेतलं. दुकानदार सेट परत घेईना. पाकीट फोडलंय म्हणाला.

तो सेट स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये आहे, मेणबत्त्या आणि जुन्या किल्ल्यांच्या शेजारी. परवा आईनं त्यातली एक वाटी काढून बघितली आणि विचारलं, याचं काय करायचं. नाना म्हणाले, राहू दे, कुणाला तरी दहा थाव लागतीलच.